गेलेल्याचा शब्द

दिवाळीच्या अंकात मृत्युपत्राचा विषय काढलेला पाहून घरातील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडेल, हे मला ठाऊक आहे. परंतु थोडा विचार केला तर असे दिसेल, की यमाशी आपला जेवढा संबंध दिवाळीत येतो तेवढा दुसऱ्या कोणत्याही सणात येत नाही. धनत्रयोदशीला आपण दक्षिणेकडे वात करून दिवा लावतो तो त्याच्यासाठी. भाऊबीजेचे तर नावच यमद्वितीया. त्या दिवशी तो आपल्या बहिणीच्या, यमुनेच्या, घरी जेवायला जातो. ज्या सणाच्या दोन्ही टोकांना यम उभा आहे, त्या सणात गेलेल्या माणसांविषयी आणि त्यांच्या मागे राहिलेल्यांविषयी चार शब्द बोलले तर ते अशुभ मानू नये, एवढीच माझी विनंती.

मी वकील नाही. शाळामास्तर आहे आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. कादंबरीकाराला मृत्युपत्र ही फार सोयीची वस्तू असते. शेवटच्या प्रकरणात ते एखाद्या तसबिरीमागून निघते, गरीब नायकाला त्याचा वाडा परत मिळतो आणि दुष्ट चुलता मान खाली घालून निघून जातो. प्रत्यक्षात मात्र ते दिवसकार्य आटोपल्यावर, लोखंडी कपाटात, विम्याच्या पावत्यांखाली सापडते. ते वाचल्यावर कोणाचा वाडा परत मिळत नाही. सगळ्यांच्या हातातला चहा तेवढा गार होतो.

आमच्या घरी २०२२ साली असेच झाले. अण्णा गेले आणि त्यांच्या कपाटात फुलस्केप कागदावर, त्यांच्या त्या सरळ, कारकुनी अक्षरात लिहिलेले इच्छापत्र निघाले. त्याविषयी पुढे सांगायचेच आहे. पण त्या निमित्ताने मी या विषयाचे जे काही वाचले, वकिलांच्या पायऱ्या चढून जे काही विचारले, ते आधी सांगतो. कारण ते वाचता वाचता मला एका प्रश्नाने घेरले, आणि तो प्रश्न माझ्या एकट्याच्या घरापुरता आहे असे मला वाटत नाही.

पहिले नवल वाटले ते इच्छापत्राच्या साधेपणाचे. घर विकायचे तर मुद्रांक लागतो, नोंदणी लागते, निबंधकाच्या कचेरीत तासन् तास बसावे लागते. परंतु तेच घर मरणोत्तर कोणाला द्यायचे हे लिहून ठेवायला साधा कागद चालतो. मुद्रांकाची गरज नाही. नोंदणी केली तर चांगलेच, पण ती सक्तीची नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचे म्हणणे एवढेच, की लिहिणारा सज्ञान व शुद्धीवर असावा, त्याने सही करावी आणि निदान दोन साक्षीदारांनी त्याच्या समक्ष आपल्या सह्या कराव्यात. आत काय लिहिले आहे हे साक्षीदारांना ठाऊक असण्याचेही कारण नाही. जिवंत असेपर्यंत माणसाने ते कितीही वेळा बदलावे. शेवटचे असेल ते खरे.

दुसरे नवल याहून मोठे. जो माणूस आता नाही, ज्याला भूक नाही, निवारा नको, त्याने जिवंत माणसांना सांगावे, की तू या खोलीत राहा आणि तू राहू नकोस. आणि त्यांनी ते ऐकावे! ही गोष्ट आपल्याला इतकी सवयीची झाली आहे, की तिच्यातला चमत्कार जाणवत नाही. आपल्या जुन्या शास्त्रकारांना मात्र तो मानवला नसता. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. तिच्याप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच उभा राहतो. बाप फार तर आपल्या हयातीत वाटणी करील. मेल्यावर हुकूम सोडणे त्याच्या हाती नव्हते. इंग्रजी अमदानीत हिंदूंची मृत्युपत्रे कोर्टांपुढे येऊ लागली आणि १८७० साली त्यांच्यासाठी वेगळा कायदा झाला, तेव्हा या व्यवहाराला चौकट मिळाली. जुन्या पद्धतीचे मी गोडवे गात नाही. तिच्यात मुलीला जागा नव्हती. पण तिच्यात एक गोष्ट होती. वाटणी करणाऱ्या बापाला मुलांच्या समोर बसून ती करावी लागे. ज्याला कमी द्यायचे त्याच्या डोळ्यांत पाहून द्यावे लागे. इच्छापत्र लिहिणाऱ्याला ते टाळता येते. कागद उघडेल तेव्हा तो तेथे नसतो.

आता प्रोबेट. मुंबईत ज्यांची घरे आहेत त्यांना हा शब्द ऐकून माहीत असतो. आम्हा घाटावरच्या माणसांना तो एखाद्या औषधाच्या नावासारखा वाटतो. मुळात तो लॅटिन भाषेतील 'सिद्ध करणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे, आणि त्याचे काम तेवढेच आहे. इच्छापत्रात ज्याला व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, नेमले असेल तो मूळ कागद, मृत्यूचा दाखला, वारसांची व मिळकतीची यादी घेऊन कोर्टात अर्ज करतो. साक्षीदारांपैकी कोणी तरी शपथेवर सांगतो, की सही माझ्या देखत झाली. वारसांना नोटिसा जातात, वर्तमानपत्रात जाहिरात येते. कोणी हरकत घेतली तर अर्जाचा दावा होतो आणि मग वर्षे मोजायची. कोणी हरकत घेतली नाही तर कोर्ट आपल्या शिक्क्यानिशी इच्छापत्राची प्रत देते, तेच प्रोबेट. व्यवस्थापक नेमलेलाच नसेल तर प्रशासनपत्र मिळते. कायद्याने येथे एक मर्यादा पाळली आहे ती मला आवडली: माणूस गेल्यापासून पुरते सात दिवस झाल्याखेरीज प्रोबेट द्यायचे नाही आणि चौदा दिवस झाल्याखेरीज प्रशासनपत्र द्यायचे नाही. इंग्रजांना आपला तेरावा ठाऊक होता की नाही कोण जाणे.

मुंबई, कलकत्ता व मद्रास या तीन शहरांत हिंदूंच्या इच्छापत्राला प्रोबेट घ्यावेच लागे. त्याशिवाय त्याच्या आधारे कोर्टात हक्क सांगता येत नसे. बाहेरच्या मुलखात ही सक्ती नव्हती. एकाच बापाची दोन घरे, एक दादरला आणि एक साताऱ्याला. पैकी एका घरासाठी कोर्ट आणि दुसऱ्यासाठी नुसता अर्ज, असा प्रकार शंभर वर्षे चालला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने सक्तीचे ते २१३ वे कलमच काढून टाकले. आता प्रोबेट घ्यायचे की नाही हे गरजेवर आहे. वाद असेल, कोणी संशय घेत असेल, तर ते घेतलेले बरे, असे वकील सांगतात. आणखी एक गैरसमज येथेच दूर करावासा वाटतो. बँकेत किंवा सोसायटीत नामनिर्देशित म्हणून ज्याचे नाव लावलेले असते तो मालक होतो, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही, तो सामान्यतः पैसे वा वस्तू हाती घेणारा विश्वस्त असतो, मालक वारस किंवा इच्छापत्रातला माणूस असतो. शेअरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले आहे.

असो. या सगळ्या वाचनात मी ज्या जागी थबकलो ती वेगळीच. प्रोबेट देणारे कोर्ट काय विचारते? हा कागद त्याचाच आहे का? तो शुद्धीवर होता का? कोणी दडपण आणले नाही ना? १९५८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे म्हैसूरकडील एका इच्छापत्राचा खटला आला. निकाल लिहिला तो आपल्या साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी. इतर दस्तऐवज आणि इच्छापत्र यांत फरक एवढाच, की इच्छापत्र लिहिणाऱ्याला साक्षीला बोलावता येत नाही. म्हणून संशयाची जागा असेल तेथे कोर्टाने आपल्या विवेकबुद्धीचे समाधान करून घेतले पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे. आजही वकील त्याचा दाखला देतात. पण हे समाधान कशाचे? कागद खरा असल्याचे. तो न्याय्य आहे का, हे कोर्ट विचारत नाही. एका मुलाला सर्व आणि दुसऱ्याला काहीच नाही, असे शुद्धीवर असलेल्या माणसाने लिहिले असेल तर कोर्ट म्हणते, ठीक आहे, त्याची मिळकत, त्याची मर्जी.

सगळीकडे असे नाही. गोव्यात पोर्तुगीजांच्या वेळेपासून नियम आहे, की माणसाने आपल्या मिळकतीचा निम्मा भाग हवा तर इच्छेप्रमाणे द्यावा; उरलेला निम्मा मुलांचा, त्यात मुलगा-मुलगी भेद नाही, आणि काही ठरावीक गंभीर कारणांखेरीज त्यांना त्यातून वगळता येत नाही. २०१२ सालच्या गोव्याच्या वारसा कायद्यानेही तो निम्मा भाग राखला. मुसलमानांच्या धर्मशास्त्राप्रमाणे इच्छापत्राने एक-तृतीयांशाहून अधिक देता येत नाही, वारसांची संमती असेल तर गोष्ट वेगळी. सावंतवाडीहून पेडण्याला जाताना वाटेत एक पूल लागतो. त्या पुलाच्या पलीकडे बापाचा हात निम्म्यावर थांबतो आणि अलीकडे आपल्या स्वकष्टार्जित मिळकतीवर तो पूर्ण फिरतो. याचा अर्थ असा, की आपल्याकडे न्यायाचा प्रश्न कायद्याने कोणाच्या तरी पदरात टाकून दिलेला आहे. कोणाच्या? लिहिणाऱ्याच्या, हे उघड आहे. पण लिहिणारा लिहून गेला. मग तो प्रश्न ज्याला मिळाले त्याच्या दारात येऊन बसतो.

तो माझ्या दारात येऊन बसला. वाईचे आमचे घर अण्णांनी १९८९ साली भविष्यनिर्वाह निधीतले पैसे काढून बांधले. तीन खोल्या आणि मागे पडवी. आई त्यांच्या आधीच गेली होती. त्यांनी काहीच लिहिले नसते तर १९५६ च्या कायद्याने ताई, दादा आणि मी असे तीन सारखे वाटेकरी झालो असतो. पण त्यांनी लिहिले होते: घर दोघा मुलांना निमेनिम. आणि खाली एक वाक्य: 'चि. सौ. कन्येस तिच्या विवाहात यथायोग्य दिलेले असल्याने तिचा हिस्सा ठेवलेला नाही.' वाचकहो, हे वाक्य तुमच्यापैकी कितीजणांच्या कपाटात आहे, याचा मी मनाशी हिशेब करू लागलो तेव्हा मला भीती वाटली.

मुलीचा हिस्सा या विषयात आपण मराठी माणसे मोठी चतुर आहोत. १९९४ साली महाराष्ट्राने अविवाहित मुलींना, आणि २००५ साली साऱ्या देशाने सर्वच मुलींना, वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. तेव्हापासून आमच्याकडे हक्कसोडपत्रांची चलती आहे. बहीण माहेरी येते, तिला साडी नेसवतात, गोडाचे जेवण होते आणि ती सही करते. कोणी जबरदस्ती करीत नाही. पण सही केली नाही तर माहेर तुटेल, हे तिला कोणी सांगावेही लागत नाही. वडिलोपार्जित नसून स्वकष्टाचे घर असेल, तर इच्छापत्रातले हे एक वाक्य पुरते. साडीचाही खर्च वाचतो.

दादा सरळ माणूस आहे. तो म्हणाला, "हे बघ, अण्णांचा शब्द आहे. ते असताना आपण कधी मोडला नाही, आता ते नसताना मोडायचा?" या बोलण्यात मोठे बळ होते. गेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळावा, हे आपल्या रक्तातच आहे. हरिश्चंद्राने तर स्वप्नात दिलेला शब्द पाळला. आणि मला लोकमान्यांची आठवण झाली.

ताईमहाराज प्रकरण जुन्या पिढीला माहीत असते, नव्या पिढीने नुसते नाव ऐकलेले असते. पुण्याचे सरदार बाबामहाराज ऑगस्ट १८९७ मध्ये मरणशय्येवर होते. टिळकांवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला होता आणि ते नुकतेच जामिनावर सुटले होते. तशात ते मित्राच्या उशाशी गेले, आणि बाबामहाराजांनी मृत्युपत्रात टिळक, खापर्डे वगैरे मंडळींना विश्वस्त नेमले. वंश चालवायला दत्तक घ्यायचा, इस्टेट कर्जातून सोडवायची, अशी ती जबाबदारी होती. १९०१ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला गेला. पण तरुण विधवा ताईमहाराजांचे मन फिरले. त्यांनी दुसराच मुलगा दत्तक घेतला आणि विश्वस्तांना मिळालेले प्रोबेट रद्द व्हावे म्हणून जिल्हा कोर्टात अर्ज केला. त्यातून टिळकांवर खोट्या साक्षीचा फौजदारी खटला झाला, शिक्षा झाली, १९०४ साली उच्च न्यायालयात ती रद्द झाली. आणि दत्तकाचा दिवाणी वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात १९१५ साली टिळकांच्या बाजूने संपला. एका मेलेल्या मित्राच्या शब्दासाठी अठरा वर्षे! मधली सहा वर्षे तर मंडालेला गेलेली.

या गोष्टीने माझी मान लवते, आणि तरीही तिच्यातले एक मुके माणूस मला विसरता येत नाही. ताईमहाराज १९०३ सालीच वारल्या. नवऱ्याचा शब्द, विश्वस्तांचा शब्द, कलेक्टरचा शब्द, न्यायाधीशांचा शब्द, सारे दप्तरात आहे. 'बाई, तुला स्वतःला काय हवे?' हे निर्मळ मनाने त्यांना कोणी विचारले असेल की नाही, हे मला सांगता येत नाही. तरी टिळकांच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे उभी आहे: शब्द पाळून त्यांना मिळायचे काहीच नव्हते, गमवायचे मात्र पुष्कळ होते.

परदेशातले एक उदाहरण यापुढे ठेवतो. आल्फ्रेड नोबेलने २७ नोव्हेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये, वकिलाशिवाय, चार साक्षीदारांपुढे आपले इच्छापत्र केले आणि जवळजवळ सारी संपत्ती त्या प्रसिद्ध पारितोषिकांना दिली. पुढच्या वर्षी डिसेंबरात तो वारला. पुतण्या-पुतण्यांचे घराणे नाराज झाले, कज्जे सुरू झाले. इच्छापत्र मोडले असते तर मोठा लाभ ज्यांचा होता त्यांत इमॅन्युएल नोबेल हा पुतण्या होता. स्वीडनच्या राजानेही त्याला बोलावून समजावले. पण काकाचा शब्द मोडायला तो तयार झाला नाही. तो रशियात वाढलेला. रशियन भाषेत इच्छापत्राच्या व्यवस्थापकाला जो शब्द आहे तो 'आत्मा' या शब्दापासून झाला आहे. आत्म्याचा कारभारी म्हणा. आमचा 'एक्झिक्युटर' हा त्या मानाने फारच कोरडा.

टिळक शब्द पाळताना झिजले. इमॅन्युएलने शब्द पाळताना मोठा लाभ सोडला. आणि आम्ही दोघे भाऊ? अण्णांचा शब्द पाळून आम्हाला प्रत्येकी दीड खोली मिळत होती. मी दादाला एवढेच म्हणालो, की आज्ञा पाळल्याने ज्याचा फायदा होतो त्याने आज्ञाधारकपणाचे पुण्य मागू नये. ते फार तर सोयीचे असते, पुण्य नव्हे. अण्णांनी घर ताईला दिले असते आणि आम्हाला काहीच ठेवले नसते, तर आम्ही 'वडिलांचा शब्द' म्हणून मुकाट बसलो असतो, की वकील गाठला असता? या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे दिल्यावर उरेल ती आपली पितृभक्ती. दादाला राग आला. साहजिक होते. मी त्याच घरात राहतो; तो पुण्याला असतो. 'तुझं काय जातंय बोलायला' असे त्याला म्हणता येत नव्हते, कारण माझेच अधिक जाणार होते, आणि त्यामुळेच त्याचा राग वाढला असावा.

इच्छापत्रावरून नाव लावण्यासाठी आम्ही अर्ज केला तेव्हा नगर भूमापन कार्यालयाकडून ताईलाही नोटीस गेली. हरकत असल्यास कळवावी. तिने कळवली नाही. ती स्वतः आली. जेवणे झाल्यावर म्हणाली, "बाळू, मला घर नको रे. माझं आहे तिकडे. पण अण्णांनी लिहिलंय मला दिलं म्हणून. काय दिलं ते एकदा मोजून सांगा."

अण्णांची हिशेबाची वही होती. मी ती काढली आणि वाचू लागलो. १९९९ साली ताईच्या लग्नाला चौऱ्याऐंशी हजार. त्यात मांडव, आचारी, मानपान, जावयाचा सूट हेही आले. तिच्या अंगावर घातलेले सोने तीन तोळे. त्याच वहीत, आधीच्या पानांवर, दादाच्या इंजिनिअरिंगची चार वर्षे: फी, वसतिगृह, खानावळ, मिळून एक लाख एकतीस हजार. नंतरच्या पानांवर माझ्या नोकरीसाठी एका संस्थेला दिलेली 'देणगी'. तो आकडा मी हळू आवाजात वाचला. ताईचे शिक्षण बारावीनंतर थांबले होते, तेव्हा त्या पानावर तिच्या नावे काहीच नव्हते.

दादा म्हणाला, "त्या वेळी सगळीकडे असंच होतं, ताई."

"होतं ना. मला माहीत आहे," ती म्हणाली. "अण्णांवर माझा राग नाही. पण मग 'दिलं आहे' असं लिहू नये रे. 'द्यायचं नाही' असं लिहावं."

यावर आमच्यापैकी कोणालाच काही बोलता आले नाही. इच्छापत्र कायद्याने बरोबर होते. अण्णा शुद्धीवर होते, साक्षीदार दोन होते, सही त्यांचीच होती. कोणतेही कोर्ट ते सिद्ध झाले असे म्हणाले असते.

माझ्या निम्म्यातला तिसरा भाग ताईच्या नावे करण्यासाठी बक्षीसपत्राचा मसुदा मी करून घेतला आहे. त्याला मात्र मुद्रांक लागतो आणि नोंदणीही. जिवंत माणसाने देण्यावर सरकार अधिक लक्ष ठेवून असते. सौभाग्यवतीने मसुदा दोनदा वाचला, माझी मुलगी पुढे त्यातल्या कोणत्या खोलीत अभ्यास करील हे विचारले आणि मग चष्मा काढून ठेवला. ताई सही घ्यायला तयार नाही. ती म्हणते, दादा मनापासून देईल तेव्हा दोघांचे एकदम घेईन. दादाने आजवर होय म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही. परवा त्याचा पुण्याहून फोन आला. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर त्याने विचारले, की ती वही तू कोठे ठेवली आहेस, मला एकदा नीट पाहायची आहे.